पावट्याचं निमित्त

फॉर्मवर रकाना आहे : जात.
आमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरात
कुत्र्यांच्या दोनशे अठ्ठ्याहत्तर जाती,
आणि तळाशी, उरलंसुरलं ओतायला,
'मिश्र'.

ऑर्विल स्टॅलार्डनं काउंटरवर ठेवलं
अकरा पौंडांचं तांबडं-पांढरं प्रकरण.
एक कान उभा, एक पडलेला,
शेपूट कुणी अर्ध्यात करायची विसरल्यासारखी.
नाव डेप्युटी.
"मिश्र नाही," म्हणाला. "फाइस."

मला वाटलं, फी विचारतोय.
म्हटलं, रेबीजचे बावीस डॉलर.
"फाऽऽइस," तो म्हणाला.
टेनेसीच्या या डोंगरात स्वर असेच वाळत घालतात,
मधे झोळ येईपर्यंत.

यादीत फॉक्सहाउंड होता, फिनिश कायसासा होता.
हा नव्हता.
"बापाकडे फाइस होता. त्याच्या बापाकडे फाइस.
खारीमागं झाडावर चढायचंच तेवढं बाकी ठेवतो.
अस्वलाला भुंकतो. देवालाही भुंकेल,
म्हणून चर्चला नेत नाही."
स्पेलिंग विचारलं तर खांदे उडवले.
"लिहितंय कोण? हाक मारतात."

गुरुवारी लायब्ररीत
दोन्ही हातांनी उचलावा लागतो तो शब्दकोश काढला.
सापडला. एफच्या पोटात, बारीक टायपात :
जुन्या इंग्रजीत पादण्याला जो शब्द,
त्याच्याच वंशातला हा.
मांडीवरचं कुत्रं. बड्या घरच्या बायका
आपलं ते त्याच्यावर ढकलायच्या.

मी इतक्या मोठ्यानं हसले
की मिसेस हेन्सलीनं चष्मा वर केला.
तिला काय सांगू? इस्लामपुरात, पंगतीत
कुणी नुसतं बूड हलवून बसलं
की तात्यामामा, भात कालवता कालवता,
मान वर न करता :
पादऱ्याला पावट्याचं निमित्त.

म्हणजे डेप्युटी हा पावटा.
चार पायांचा, परवाना असलेला.

पण एक कोडं आहे.
आमच्याकडे पादरा म्हणजे भित्रा,
मांजर आडवं गेलं तरी घरी परतणारा.
इथं त्याच वाऱ्यातून निघालेला शब्द म्हणजे
अंगानं चिमूटभर
आणि कुणाच्या बापाला न भिणारा.
हे मला अजून सुटलेलं नाही.
(सुटलेलं. असो.)

दुसऱ्या डोसला आला, तेव्हा सांगून टाकलं.
ज्या भाषेत मी सात वर्षं
फक्त इस्त्री केलेली वाक्यं बोलत आले,
तीत, सत्तरीच्या माणसासमोर, तो शब्द.
आधी तो गप्प.
मग खांदे हलले, मग खोकला,
मग बाहीनं डोळे.
"ग्रॅनी लूडीकडे होता एक. सगळं त्याच्यावरच.
मेला बिचारा,
तरी पुढचा अख्खा हिवाळा त्याच्यावरच."

मी पावट्याची म्हण सांगितली.
तो एकदम गंभीर झाला. "कसल्या बीन्स?"
फोन वाजत राहिला.
त्याच्या आईच्या शेंगा दोऱ्यात ओवलेल्या,
ओसरीवर वाळणाऱ्या, चामड्यासारख्या,
मग डुकराच्या चरबीत दिवसभर.
माझ्या आईचे भिजवलेले, मोड आलेले,
एकेक चिमटीत धरून सोललेले.
"एकेक?" त्याला पटेना.
"एकेक," मी म्हटलं.
त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं.

बाकावर गुडघ्याएवढा हाउंड होता,
मांजराची पेटी घेतलेली एक बाई,
आणि कुठूनशी, हळूहळू,
ती आली.

आधी बाईनं पाहिलं. मग हाउंडच्या मालकानं.
मग हाउंडनंसुद्धा.
सगळ्यांनी डेप्युटीकडे.
डेप्युटी काचेबाहेर बघत होता,
विजेच्या तारेवर खार होती,
एक कान उभा, एक पडलेला.

मी प्रिंटरमध्ये कागद भरले.
दुपारच्या डब्यात काय होतं
ते कुणी विचारलं नाही.